आईचा चहा बंद करून कॉफी सुरू करावी का?

कंबरतलाव

नमस्कार मंडळी.

माझी आई ६७ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ आली आणि ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. औषध सुरू केलेले नाही. आहार आणि चालणे यांवर भर द्यायला सांगितले आहे.

आमच्या घरी चहा हाच दिवसाचा काटा आहे. पहाटे साडेपाचला आई थायरॉईडची गोळी घेते आणि पाठोपाठ पहिला चहा, पूजा आटोपल्यावर दुसरा, दुपारच्या जेवणानंतर तिसरा, चार वाजता चौथा. कोणी आले की त्यांच्याबरोबर पाचवा. कॉफी मात्र आमच्याकडे दोनच प्रसंगी होते. लग्नकार्याच्या घरी रात्री जागरण असले की जायफळ घातलेली दुधाची कॉफी, आणि कोणाचे पोट बिघडले की लिंबू पिळलेली कोरी कॉफी.

अलीकडे वारंवार वाचनात येते की नियमित कॉफी पिणाऱ्यांना मधुमेह कमी होतो, यकृत चांगले राहते, आयुष्यही वाढते. हे खरे असेल तर आईचे चहाचे कप कॉफीने बदलावेत का? आणि ज्या कॉफीबद्दल हे लिहिले जाते, ती आणि आपण सोलापुरात पितो ती कॉफी एकच आहे का? अनुभव असलेल्यांनी आणि अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डिकॉक्शन

अवश्य बदलावेत, असे माझे मत आहे.

आमचे घर कानडी, आजोळ हासनचे. गेल्या तीन पिढ्या सोलापुरात आहोत, पण सकाळ फिल्टर कॉफीशिवाय उजाडलेली मला आठवत नाही. आजीचा दोन मजली पितळी फिल्टर अजून वापरात आहे. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात तीन चमचे पूड घालून दांडीच्या चकतीने ती हलकेच बसवायची, जोराने दाबायची नाही, नाहीतर पाणी वरच अडून राहते. उकळून किंचित निवलेले पाणी ओतले की पंधरावीस मिनिटे थेंब थेंब अर्क खाली उतरत राहतो. आजी त्या वेळात जपाची एक माळ पूर्ण करीत असे.

कॉफी ही परकी वस्तू आहे, असेही समजू नये. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरावर लावल्याची कथा कर्नाटकात घरोघरी सांगितली जाते, आणि आजही भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकातच पिकते. आपल्या शहरापासून ते राज्य हाकेच्या अंतरावर आहे.

आता मधुमेहाबद्दल. २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधील सुमारे १७ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सात किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचे प्रमाण, दोन किंवा त्याहून कमी कप पिणाऱ्यांच्या तुलनेत, निम्मे आढळले होते. त्यानंतर अनेक देशांतील अभ्यासांनी हीच दिशा दाखविली आहे. सात कप कोणी पिऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको. परंतु संबंध आहे, हे मान्य करायला हवे.

नवी_पेठ

साखर किती घालणार, हा पहिला प्रश्न आहे. बाकीचे नंतर पाहू.

संख्याशास्त्र

डिकॉक्शन यांनी दिलेली माहिती बरोबर आहे. तिच्यातून काढायचा निष्कर्ष मात्र जपून काढावा, एवढीच विनंती आहे.

अमेरिकेत सुमारे चार लाख मध्यमवयीन व वृद्ध लोकांचा मोठा अभ्यास झाला आणि तो २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते वय लक्षात घेऊन आकडे मांडले तेव्हा कॉफी पिणाऱ्यांमध्येच मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले. मग लक्षात आले की कॉफी पिणाऱ्यांमध्ये धूम्रपान करणारे अधिक होते. तो फरक वजा केल्यावर चित्र उलटले आणि कॉफी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी कमी भरले. एकच माहिती, पण कोणता घटक हिशेबात धरला यावर तिचा अर्थ फिरला. हिशेबात न आलेले आणखी किती घटक असतील, हे अशा अभ्यासातून कळत नाही. ज्यांची तब्येत मुळातच नाजूक आहे, ते आपण होऊन कॉफी सोडतात. मग न पिणाऱ्यांच्या गटात आजारी माणसे जास्त दिसतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नुसते कॅफिन एकदम दिल्यावर पुढचे काही तास इन्सुलिनचा परिणाम किंचित मंदावतो, हे छोट्या प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे मधुमेहापासून संरक्षण मिळत असलेच, तर ते कॅफिनमुळे मिळत नसावे. कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही तोच संबंध आढळतो, त्यामुळे क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर घटकांकडे संशोधकांचे लक्ष आहे.

डिकॉक्शन

संख्याशास्त्र, आपला आक्षेप मान्य आहे, पण यकृताच्या बाबतीत पुरावा बराच एकमुखी आहे. २०१७ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या सुमारे दोनशे विश्लेषणांचा आढावा आला. त्यात दिवसाला तीन ते चार कपांच्या आसपास फायदा सर्वाधिक दिसला आणि यकृताच्या विकारांमध्ये तो विशेष ठळक होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगासंदर्भात संशयितांच्या यादीत टाकले होते. २०१६ साली त्याच संस्थेने ते नाव काढून घेतले. इतक्या वर्षांच्या छाननीनंतर एखादी वस्तू यादीतून बाहेर पडते, याला काही अर्थ आहे.

संख्याशास्त्र

अर्थ निश्चितच आहे. त्याच बैठकीत, ६५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेले कोणतेही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असेही त्या संस्थेने नोंदविले. चहा असो वा कॉफी, आपल्याकडे चटका बसेल असा कप आवडीने घेतला जातो, म्हणून हे आवर्जून लिहिले.

कडकभाकरी

नवी_पेठ यांच्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. आज सकाळी आमच्या घरची कॉफी मी मोजली. मुलीच्या केक बनवण्याच्या छंदासाठी आणलेला छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि पत्नीला नेहमीप्रमाणेच कॉफी करायला सांगितले. हात आखडू नये म्हणून मी काय मोजतो आहे ते तिला आधी सांगितले नाही.

एका कपात ११० मिलिलीटर दूध, सपाट नव्हे तर शीग लावून दोन चमचे साखर, तिचे वजन भरले ११ ग्रॅम, आणि झटपट कॉफीची पूड एक ग्रॅमला थोडी कमी. म्हणजे ज्या पेयाला आम्ही कॉफी म्हणतो, त्यात साखर कॉफीच्या अकरा पट आहे. असे चार कप घेतले तर नुसत्या पेयातून ४४ ग्रॅम साखर पोटात जाते. दिवसभरातील वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

पुडीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ सापडली: कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के. चिकोरी हे एका झाडाचे भाजलेले मूळ असते. ते अपायकारक नाही, पण त्यात कॅफिनही नसते. चिकोरी मिसळलेल्या कॉफीत किमान ५१ टक्के कॉफी हवी, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे निम्म्याच्या जवळपास चिकोरी असली तरी ते पाकीट कायद्याला धरूनच असते. कंबरतलाव, युरोपातील अभ्यासातली कॉफी आणि आपली कॉफी एक आहे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर निदान आमच्या ओट्यापुरते तरी ‘नाही’ असे आहे.

नवी_पेठ

मन:पूर्वक आभार. आज आमच्याही घरी काटा निघणार.

अशोकचौक

मी पूर्व भागात आरोग्यसेविका म्हणून काम करते, म्हणून थोडे लिहिते.

आमच्या भागात विडी वळणाऱ्या बायका फार आहेत. सकाळी सूप मांडीवर घेऊन बसल्या की दुपारपर्यंत उठत नाहीत, आणि त्यांचे सकाळचे खाणे म्हणजे पुष्कळदा चहा आणि चहात बुडवलेली भाकरी किंवा पाव. रक्त तपासले की हिमोग्लोबिन आठ-नऊ. लोहाच्या गोळ्या आम्ही देतो, त्या घेतातही, पण चहाबरोबरच घेतात. चहातील टॅनिन आणि कॉफीतील तत्सम घटक अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते आतड्यात नीट शोषले जात नाही. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतल्या लोहावर हा परिणाम अधिक होतो, आणि आपले बहुतेक लोह तिथूनच येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे त्यात सांगितले आहे.

म्हणून माझी सर्वांना विनंती आहे की कॉफीच्या गुणांची चर्चा करताना ती जेवणाला लागून घेऊ नये, हे प्रत्येक वेळी सांगावे. चहाऐवजी कॉफी आली आणि वेळ तीच राहिली, तर या बायकांच्या पदरात काही पडणार नाही. भाकरीबरोबर लिंबाची फोड आणि चहा तासाभराने, एवढे जरी झाले तरी रक्तात फरक पडायला मदत होते.

कंबरतलाव, तुमच्या आईंचा तिसरा कप जेवणानंतर लगेच असतो, तो आधी हलवा.

मागावरचा

ताईंनी लिहिलेले अगदी पटले. मी स्वतः यंत्रमागावर आहे, आठवड्याआड रात्रपाळी असते. रात्री आठ ते सकाळी आठ. पहाटे चारच्या सुमाराला डोळ्यांवर झापड येते आणि नेमके तेव्हाच धागा तुटलेला दिसत नाही, टॉवेलात रेघ जाते आणि माल बाजूला पडतो. म्हणून आम्ही चौघेजण पहाटे चारला कडक कॉफी करून पीत होतो. काम सावध व्हायचे, पण घरी येऊन नऊला आडवे झाले की छताकडे बघत पडायचे. मला वाटायचे ऊन आणि रस्त्याचा आवाज यांमुळे झोप लागत नाही. याचा कॉफीशी काही संबंध असेल का?

संख्याशास्त्र

मागावरचा, निश्चित आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्याची कळ दाबली गेली की झोप येते. कॅफिन त्या कळीवर जाऊन बसते आणि ॲडेनोसिनला जागा देत नाही. थकवा नाहीसा होत नाही, त्याची सूचना तेवढी थांबते. पोटात गेलेले कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. काहींना तीन, काहींना सात. म्हणजे चार वाजताच्या कॉफीतले निम्मे कॅफिन तुम्ही अंथरुणावर पडता तेव्हा शिल्लकच असते. २०१३ सालच्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तरीही झोप तासाभराहून अधिक घटली होती. ती मात्रा मोठी होती, पण दिशा स्पष्ट आहे. २०२३ साली शंभर माणसांवर दोन आठवडे एक काटेकोर प्रयोग झाला. ज्या दिवशी कॉफी घ्यायची मुभा होती, त्या दिवशी ती माणसे सुमारे हजार पावले जास्त चालली आणि रात्री सुमारे ३६ मिनिटे कमी झोपली. फायदा आणि किंमत दोन्ही एकाच कपातून आली.

आपण पाळीच्या सुरुवातीला एक आणि मध्यरात्री एक अशी कॉफी घेऊन, दोननंतर थांबून पाहावे. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून कॅफिन लवकर बाहेर पडते, त्यामुळे सोबत्याला चारची कॉफी सोसते म्हणून ती आपल्यालाही सोसेल, असे नसते.

गड्ड्याची_जत्रा

सोलापूरच्या उन्हाळ्यात कॉफी नकोच, असे आमचे वडील म्हणतात. ती उष्ण असते आणि अंगातले पाणी ओढून घेते. एप्रिल-मे महिन्यात पारा ४३-४४ला टेकतो, तेव्हा हे किती गांभीर्याने घ्यावे?

औषधी_खिडकी

मी औषधविक्रेती आहे. कॅफिनमुळे लघवी थोडी वाढते हे खरे, पण रोज घेणाऱ्याचे शरीर त्याला सरावते. २०१४ साली कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांना काही दिवस कॉफी आणि काही दिवस तेवढेच पाणी देऊन मोजमाप केले, तेव्हा शरीरातील पाण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात ती माणसे आपल्या वैशाखात उन्हात काम करीत नव्हती. दुपारी शेतातून किंवा कारखान्यातून आल्यावर तहान भागविण्यासाठी पाणी, ताक, लिंबूपाणी हेच हवे. सकाळच्या एका कपाने मात्र अंग सुकत नाही.

पित्ताबद्दल कोणी विचारलेले नाही, तरी सांगते. माझ्याकडे छातीत जळजळ होते म्हणून गोळी मागायला येणाऱ्यांना मी रिकाम्या पोटी काय घेता ते विचारते. काहींना कॉफीने जळजळ वाढते, काहींना काहीच होत नाही. ज्यांना होते त्यांनी फायद्यांची यादी वाचून ती सहन करीत राहू नये.

भीमाकाठ

जुलाबावर कोरी कॉफी आणि लिंबू हा उपाय कंबरतलाव यांनी लिहिला आहे. आमच्या गावाकडेही हेच करतात. त्यात तथ्य आहे का?

अशोकचौक

हा उपाय मीही लहानपणी घेतला आहे, पण आता कोणाला सांगत नाही. कॉफीने मोठ्या आतड्याची हालचाल काही मिनिटांतच वाढते. अनेकांना सकाळी कॉफी घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही, त्याचे कारण हेच आहे. जुलाब होत असताना तीच हालचाल वाढविणे बरे नव्हे. लहान मुलाला तर कॉफी देऊच नये. क्षार-संजीवनीचे पाकीट मिळाले तर ते, नाहीतर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लिंबू त्यात पिळायला हरकत नाही, म्हणजे आजीच्या उपायातले निम्मे तरी राहील.

डाळिंबाची_बाग

माझ्या सुनेला पाचवा महिना आहे. तिचे माहेर बंगळूरचे, त्यामुळे कॉफीशिवाय तिचे डोके दुखते. पूर्ण बंद करावी का? घरात यावरून रोज बोलणे होते आणि ती बिचारी रडवेली होते.

औषधी_खिडकी

काकू, तिला रागावू नका. सवय एकदम तोडली की डोकेदुखी होते, ती खरोखरीची असते आणि काही दिवस टिकते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली गरोदर स्त्रियांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिन ही मर्यादा सांगितली आहे. इतर निरोगी प्रौढांसाठी ४००. आपल्या पोषण संस्थेची सर्वसाधारण मर्यादा ३०० आहे. तिच्या हिशेबाने १५० मिलिलीटर फिल्टर कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे सकाळी फिल्टरचा एक छोटा कप बसतो, पण त्यावर दिवसभर चहा चालू राहिला तर मर्यादा ओलांडली जाते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, कॅफिन शरीरात कितीतरी अधिक वेळ राहते, म्हणून कमी तेवढे चांगले. हळूहळू अर्ध्या कपावर यावे आणि तपासणीच्या वेळी तिच्या डॉक्टरांना हे स्पष्ट विचारावे.

डाळिंबाची_बाग

आजच तिला वाचून दाखविले. कप अर्धा झाला आणि घरात शांतता झाली. देव तुमचे भले करो.

कडकभाकरी

डिकॉक्शन, एक शंका आहे. माझे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे. कागदी गाळणीची कॉफी आणि आपली धातूच्या फिल्टरची कॉफी यांत या बाबतीत फरक असतो, असे ऐकले आहे.

डिकॉक्शन

फरक असतो, आणि हे माझ्या बाजूचे उत्तर नसले तरी लिहिलेच पाहिजे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवितो. कागद तो जवळजवळ सगळा अडवतो; धातूच्या छिद्रांतून तो बऱ्यापैकी खाली उतरतो. पूड पाण्यात उकळून तशीच प्यायली तर सर्वाधिक येतो. फिनलंडमध्ये पूर्वी अशी उकळलेली कॉफी पीत असत. लोक कागदी गाळणीकडे वळले, आणि तेथील कोलेस्टेरॉल उतरण्यामागे हेही एक कारण मानले जाते. झटपट कॉफीत तो नगण्य असतो. माझे स्वतःचे कोलेस्टेरॉल दोन वर्षांपूर्वी वाढले, तेव्हापासून मी डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमध्ये उतरलेला अर्क, कागदातून पुन्हा एकदा गाळून घेतो. चव थोडी हलकी होते. आजीच्या फिल्टरला मी सोडलेले नाही.

औषधी_खिडकी

कंबरतलाव, मी आज हा धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला आणि आपल्या पहिल्या मजकुरातील एका ओळीवर थांबले. आपण लिहिले आहे की आई पहाटे थायरॉईडची गोळी घेतात आणि पाठोपाठ चहा घेतात.

चहा की कॉफी हा प्रश्न बाजूला ठेवून आधी हे पाहावे. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य असल्यास तासभर, काहीही घ्यायचे नसते. कॉफीमुळे या गोळीचे शोषण घटते, हे चांगले सिद्ध झालेले आहे, आणि दुधाच्या चहात दुधातील कॅल्शियमही आड येते. म्हणजे आपण उत्साहाने पहाटेच्या चहाच्या जागी कॉफी ठेवली असती, तर गोळीचे काम आणखी बिघडण्याची शक्यता होती. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तासांच्या अंतराने द्यावी.

आणखी एक काळजी घ्यावी. अंतर ठेवू लागल्यावर तीच गोळी अधिक प्रमाणात अंगी लागेल आणि आजवरची मात्रा कदाचित जास्त होईल. छातीत धडधड, हाताला कंप, झोप कमी होणे असे काही जाणवले तर वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे. एरवी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून डॉक्टरांना दाखवावे आणि वेळ बदलल्याचे त्यांना आवर्जून सांगावे. मात्रा आपल्या मनाने बदलू नये.

कंबरतलाव

आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. आईला विचारले. गेली नऊ वर्षे ती गोळी चहाच्या घोटाबरोबरच घेते आहे. या काळात तिची मात्रा दोनदा वाढली, पण गोळी कशाबरोबर घेता, असे तिला कोणी विचारले नव्हते, आणि आम्हालाही ते कधी सुचले नाही. उद्यापासून बदल करतो.

अशोकचौक

आमच्या भागातल्या बायकांनाही मी उद्यापासून हे विचारणार आहे. लोहाच्या गोळीचे विचारत होते, थायरॉईडच्या गोळीचे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मागावरचा

तीन आठवडे झाले. दोननंतर कॉफी बंद केली आहे. पहिले चार दिवस पहाट जड गेली, डोकेही दुखले. आता पहाटे चारला आम्ही तोंडावर पाणी मारून कारखान्याच्या दारापर्यंत चालून येतो. सकाळी साडेनऊला झोप लागते ती दुपारी तीनपर्यंत मोडत नाही.

कंबरतलाव

दोन महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे. ज्यांनी वेळ काढून उत्तरे दिली, त्यांना पुढे काय झाले ते कळायला हवे.

आई आता साडेपाचला गोळी पाण्याबरोबर घेते. मग अंगण झाडते, तुळशीला पाणी घालते, शेजारच्या आवारातून पूजेची फुले आणते. या साऱ्यात तास निघून जातो. मंगळवार पेठेतून स्टीलचा छोटा फिल्टर आणला आहे. साडेसहाला ती अर्धा कप कॉफी घेते. पहिल्या आठवड्यात दोन चमचे साखर, दुसऱ्यात दीड, असे करीत आता पाव चमच्यावर आली आहे. चव लागत नाही म्हणाली तेव्हा मी वरून चिमूटभर जायफळ किसून घातले, आणि लग्नघरातली कॉफी लागते म्हणून ती प्रसन्न झाली. जेवणानंतरचा चहा बंद झाला. चारचा चहा तिने सोडलेला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. त्यातली साखर तेवढी अर्ध्यावर आली आहे.

टीएसएच आठव्या आठवड्यात तपासले. ते खालच्या बाजूला झुकले होते, म्हणून डॉक्टरांनी गोळीची मात्रा एक पायरी कमी केली. तीन महिन्यांची सरासरी साखर पुढच्या महिन्यात पाहायची आहे, त्यामुळे मधुमेहाबद्दल आज काही लिहिता येत नाही. ती उतरली तरी श्रेय कॉफीला द्यावे की कमी झालेल्या साखरेला, हे संख्याशास्त्र मला विचारतीलच.

डिकॉक्शन, आईचा एक निरोप आहे. फिल्टरमधून पाणी आता फार सावकाश उतरते, वीस मिनिटांचे चाळीस झाले आहेत. काय करावे?

डिकॉक्शन

आईंना नमस्कार सांगा. छिद्रांत बारीक पूड आणि तेल बसले आहे. घासणीने ते निघत नाही. वरचे भांडे रिकामे आणि कोरडे करून चिमट्यात धरावे, छिद्रांची बाजू मंद आचेवर एक-दोन मिनिटे फिरवावी, आत अडकलेली पूड जळून जाते. पूर्ण निवले की मागच्या बाजूने हलके ठोकावे आणि गरम पाण्याने धुवावे. दिव्याकडे धरून पाहिले की प्रत्येक छिद्रातून उजेड दिसला पाहिजे. महिन्यातून एकदा पुरे.